पार कोणी ठरवायचा?

माझी निम्मी नोकरी मैदानावर फक्की टाकण्यात गेली. तालुक्याच्या शालेय स्पर्धा असल्या की सकाळी सातला चुन्याची पिशवी, सुतळी, खुंट्या आणि टेप घेऊन मैदान गाठायचं, थाळीफेकीचं वर्तुळ आखायचं, त्याच्या पुढे दोन तिरक्या रेषा ओढायच्या आणि पहिलं नाव पुकारायचं. थाळी जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकली तिथे एकाने खुंटी रोवायची. टेपचा शून्य खुंटीशी धरायचा, टेप वर्तुळाच्या मध्यापर्यंत ताणायचा आणि आतल्या कडेवर येईल तो आकडा वाचायचा. अनवाणी आलेल्या पोराला आणि नवे बूट घालून आलेल्या पोराला टेप एकच. त्या टेपवर माझा फार विश्वास होता, अजूनही आहे.

त्यामुळे या पुस्तिकेचं हस्तलिखित वाचताना मी एका शब्दापाशी अडलो. लेखक माझा विद्यार्थी. कराडात शिकला, नोकरीसाठी परदेशी गेला, तिथे डिस्क गोल्फ खेळायला लागला आणि परत आल्यावर आपल्याकडच्या मुलांना हा खेळ शिकवायचाच, असा ध्यास घेऊन बसला. ‘सर, प्रस्तावना तुम्हीच लिहायची’ असं म्हणून त्याने वही माझ्यापुढे ठेवली. मी ज्या शब्दापाशी अडलो तो होता ‘पार’. आपल्याकडे पार म्हणजे वडा-पिंपळाभोवतीचा दगडी कट्टा. गावातला तंटा तिथे बसून मिटायचा. वहीतला पार म्हणजे आकडा, अमुक एका होलला किती फेकी लागाव्यात याचा. मी त्याला विचारलं, ‘हा आकडा टेपवर कुठे येतो?’ तो म्हणाला, ‘येत नाही सर. ठरवावा लागतो.’ तिथून आमची जी चर्चा सुरू झाली ती दोन वर्षं चालली. ही प्रस्तावना तिच्यातूनच आली आहे.

आधी खेळ सांगतो. वीतभर रुंदीची प्लॅस्टिकची तबकडी, वजन साधारण १५० ते १८० ग्रॅम. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, पडेल तिथे जायचं, तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी खांबाला लोंबणाऱ्या साखळ्यांवर आपटून खालच्या टोपलीत पाडायची. किती फेकी लागल्या ते मोजायचं. अशा बहुधा अठरा टोपल्या. जमिनीत भोक नसलं तरी प्रत्येकीला होलच म्हणतात, गोल्फचा वारसा म्हणून. ज्याच्या फेकी सगळ्यांत कमी, तो जिंकला. लांब जाणारी तबकडी वेगळी, मधल्या पल्ल्याची वेगळी, जवळून टोपलीत टाकायची वेगळी. कडा जितकी धारदार तितकी ती वेगाने जाते आणि तितकीच अननुभवी हाताला दगा देते.

ही तबकडी मूळची स्वयंपाकघरातली. अमेरिकेत कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाची पाय विकणारी बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या थाळ्या पोरं एकमेकांकडे फेकत, त्यावरून फ्रिस्बी हे नाव आलं. म्हणजे आपण ज्याला थाळीफेक म्हणतो तो शब्द या खेळालाही चपखल बसतो. पुढे एड हेड्रिक नावाच्या माणसाने वॅम-ओ या कंपनीत त्या खेळण्याला नीट उडणारं रूप दिलं, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं आणि १९७६ मध्ये या खेळाची व्यावसायिक संघटना काढली. सुरुवातीला नेम धरायचा तो झाडावर नाही तर खांबावर. तबकडी लागली की घासून गेली यावर रोज वाद. साखळ्यांची टोपली त्या वादातून आली. तबकडी टोपलीत असली तर आहे, नसली तर नाही. २००२ मध्ये हेड्रिक गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवल्या गेल्या. हे वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

आता ती फेक, जिच्यामुळे माझी टेपवरची श्रद्धा हलली. २०१६ साल, अमेरिकेतलं ओरेगन राज्य, मायलो मॅकआयव्हर पार्क. उंच झाडांमधली मोकळी हिरवळ. फिलो ब्रॅथवेट हा खेळाडू एका लांबलचक होलवर आपल्या दुसऱ्या फेकीला उभा आहे. टोपली ५३० फुटांवर, म्हणजे १६० मीटरच्या पुढे. तिथून दिसते ती पिवळसर ठिपक्याएवढी. कोणी तिथून टोपलीवर नेम धरत नाही. शक्य तितकं जवळ जावं आणि पुढच्या फेकीत आत टाकावं, एवढाच हिशेब असतो. फिलोने फेकली. तबकडी वळण घेत गेली, उतरली आणि साखळ्यांत शिरली. त्या होलचा पार होता ५. फिलोला लागल्या २. पारपेक्षा एक कमी ती बर्डी, दोन कमी तो ईगल, तीन कमी तो अल्बट्रॉस. हा अल्बट्रॉस होता. ती चित्रफीत जगभर फिरली आणि ज्यांनी आयुष्यात डिस्क गोल्फ पाहिला नव्हता अशांनीही ती पाहिली.

त्याच वर्षी, २०१६ मध्येच, डेव्हिड विगिन्स ज्युनियरने नेवाडातल्या वाळवंटात, वाऱ्याच्या पाठबळावर, तबकडी ३३८ मीटर लांब फेकली. तो जागतिक विक्रम. टेपला विचाराल तर फिलोची फेक त्याच्या निम्मीसुद्धा नाही. तरी लोकांच्या तोंडी राहिली ती फिलोची. माझ्या विद्यार्थ्याने मला विचारलं, ‘सर, त्या होलचा पार ५ ऐवजी ४ लिहिला असता तर?’ मग तीच फेक, तीच झाडं, तोच वारा, आणि नाव मात्र ईगल. तबकडीने काही कमी केलं नसतं. पाटीवरचा एक आकडा बदलला की पराक्रमाचं नाव बदलतं. मग तो आकडा लिहिणाऱ्यावर केवढी जबाबदारी आली!

याचं मूळ शोधायला गोल्फकडे जावं लागतं. १८७० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथे ब्रिटिश ओपन होती. ए. एच. डोलमन नावाच्या गोल्फवर लिहिणाऱ्या गृहस्थाने डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेमी अँडरसन या दोन कसलेल्या खेळाडूंना विचारलं, की चूक न करता खेळलं तर इथल्या बारा होलना किती फटके लागतील? दोघांनी सांगितलं, ४९. डोलमनने त्या आकड्याला पार म्हटलं. शब्द शेअर बाजारातला, तिथे पार म्हणजे शेअरची दर्शनी किंमत. तीन फेऱ्यांचे झाले १४७. ती स्पर्धा तरण्या टॉम मॉरिसने १४९ फटक्यांत जिंकली, पारपेक्षा दोनच जास्त. त्याच स्पर्धेत ५७८ यार्डांचा पहिला होल त्याने ३ फटक्यांत संपवला होता, तोही लाकडी दांड्याच्या काठीने. मला यात महत्त्वाचं वाटतं ते विचारणं. डोलमनने टेप काढला नाही, तो खेळाची जाण असलेल्या दोघांकडे गेला. पंचांकडे जावं तसं. पुढे १९११ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने अंतराचे टप्पे केले, २२५ यार्डांपर्यंत पार ३, ४२५ पर्यंत ४, ६०० पर्यंत ५, त्यापुढे ६. टेप परत आला, पण माणसाच्या निवाड्यानंतर.

डिस्क गोल्फच्या सुरुवातीच्या काळात मात्र सगळ्या होलचा पार ३ धरत. अठरा त्रिक ५४. सोपं होतं, तोंडपाठ होतं. पण तबकड्या सुधारल्या, हात तयार झाले, मैदानं लांब झाली, आणि ३ हा आकडा काहीच सांगेनासा झाला. आज या खेळाच्या संघटनेची व्याख्या अशी आहे: तज्ज्ञ खेळाडूने, बिनचूक खेळून, सर्वसाधारण हवामानात, त्या होलला जेवढ्या फेकी घ्याव्यात अशी अपेक्षा असते, तो पार. स्पर्धेचा संचालक तो ठरवतो. वाचायला एक ओळ, पण तिच्यातला एकेक शब्द पारखून घ्यावा लागतो.

‘तज्ज्ञ’ म्हणजे कोण? खेळाडूंना गुणांकन असतं, आणि १००० च्या आसपास असणारा तो वरच्या दर्जाचा समजतात. खालच्या दर्जाच्या खेळाडूंसाठी त्याच टोपलीचा पार वेगळा लिहिता येतो. ‘बिनचूक’ म्हणजे काय? अफलातून नव्हे. तज्ज्ञ रोज जे करतो तेच, फक्त घसरणं-चुकणं वजा करून. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पार म्हणजे सरासरी नव्हे. सरासरीत चुका धरलेल्या असतात. आणि गोल्फमधून आलेली आणखी एक सवय म्हणजे शेवटी दोन फटके धरणं, कारण हिरवळीवर पोचलेला गोल्फपटू साधारण दोन फटक्यांत चेंडू भोकात घालतो. तबकडीचं तसं नाही. टोपलीपासून १० मीटरच्या वर्तुळात आलेला तज्ज्ञ एकाच फेकीत ती आत टाकतो, बहुतेक वेळा. गोल्फचे दोन इथे जसेच्या तसे उचलले की पार फुगतो आणि स्वस्तातल्या बर्ड्या पडायला लागतात. काही म्हणतात, पडू द्या, सगळ्यांना तोच आकडा आहे, जिंकणारा जिंकतोच. खरं आहे, विजेता एकूण फेकींवर ठरतो, पारवर नाही. पण नियमांत पार लागतो. उशिरा आलेल्याला चुकलेल्या प्रत्येक होलसाठी पार अधिक ४ असा हिशेब लावतात. शिवाय खेळ बघणाऱ्याला कोण कुठे आहे हे पारवरूनच कळतं. आणि फिलोसारख्याने काय करून दाखवलं हे सांगायला दुसरी भाषाच नाही.

२०२१ चं उदाहरण लेखकाने एका प्रकरणात विस्ताराने दिलं आहे, ते मी दोन ओळींत सांगतो. युटामधल्या ओग्डेन गावी जागतिक अजिंक्यपद, शेवटचा होल. पाच वेळचा जगज्जेता पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे. जेम्स कॉनरॅडला बर्डी हवी आणि टोपली २४७ फुटांवर. त्याने तिथून टाकली, तबकडी साखळ्यांत गेली, बरोबरी झाली, आणि पहिल्याच जादा होलवर त्याने विजेतेपद मिळवलं. २४७ फूट म्हणजे ७५ मीटरच्या किंचित पुढे. आमच्या दोन किलोच्या थाळीचा पुरुषांचा जागतिक विक्रम आज साधारण तेवढाच आहे. तबकडी हलकी आहे हे मान्य, पण तेवढ्या अंतरावर साखळ्यांचा जुडगा गाठायचा!

हे सगळं परक्या भूमीवरचं वाटलं तर वाचकाने आपलं लहानपण आठवावं. विटीदांडूत आपण याहून गुंतागुंतीचा हिशेब करत होतो. गल खणायची, विटी आडवी ठेवायची, कोलायची. विटी पडली की तिथपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं, आणि मोजायचं ते कसं? वकट, लेंड, मूंड, नाल... तेलुगूत एक-दोन-तीन-चारला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. कृष्णा पुढे त्याच मुलखातून वाहते, आणि हे आकडे उलट्या दिशेने आपल्या आळ्यांत येऊन राहिले, कधी आणि कोणाबरोबर ते आले असतील याचं मला लहानपणापासून कुतूहल. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावरून पुढचा टोला ठरायचा, कधी पावलावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावरून. म्हणजे अंतर मोजून खेळ संपत नसे, त्यातून पुढची अवघड गोष्ट ठरत असे. दांडू प्रत्येकाचा वेगळा असायचा. म्हणून डावाआधी ‘कोणाचा दांडू?’ हा प्रश्न यायचाच. लांब दांडूने मोजलं तर आकडा कमी, आखूड दांडूने जास्त. दोन्ही गड्यांनी एका दांडूवर हो म्हटल्याशिवाय पहिली विटी उडत नसे. आम्ही आठ-दहा वर्षांची पोरं होतो, पण हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

कराडच्या माणसाला ‘कोणाचा दांडू?’ या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको. पलीकडच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. मातीत कुस्ती निकाली, पाठ लागली की संपलं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते मॅटवर उतरले ते गुणांच्या कुस्तीत. मापच बदललेलं. तिथे ते सहावे आले. चार वर्षांत त्यांनी ते नवं माप अंगी मुरवलं आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझ पदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आणि सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा डावा हात अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी गोळा १६.३२ मीटर फेकला आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण ६ सेंटिमीटर पुढे होतं, कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचं. त्या स्पर्धेचा गट होता एफ ४६. कोणाची फेक कोणाच्या फेकीशेजारी ठेवायची हे आधी माणसांनी बसून, शरीर तपासून ठरवलं होतं, टेप नंतर आला. ते ६ सेंटिमीटर न्याय्य आहेत ते त्यामुळे.

हे मला उमगलं ते आगाशिवच्या डोंगराकडच्या एका माळावर. लेखकाने तिथे जागेच्या मालकाची परवानगी काढून नऊ होलचं मैदान आखायला घेतलं. टोपली म्हणून बांबूला लोखंडी कडं आणि त्याला जुन्या सायकलींच्या चेनी. खाली घमेलं. आवाज अगदी खऱ्यासारखा येतो, खळ्ळकन. तिसरा होल विहिरीच्या कठड्यापासून सुरू होतो, मध्ये उजव्या हाताला बाभूळ आहे, पुढे चढ. मी माझा टेप काढला. ९६ मीटर. सकाळभर आमची सहा मुलंमुली फेकत राहिली. तिघांना चार लागल्या, दोघांना तीन, एकाची तबकडी बाभळीत अडकली, त्याला सहा. मी म्हटलं, पार ४ लिही. मुलांचा हिरमोड नको, हे माझ्या मनात होतं. लेखक म्हणाला, ‘सर, हे आपल्या मुलांचं आजचं माप झालं. तज्ज्ञ इथून बाभळीच्या डावीकडून टोपलीजवळ येईल, दुसरी आत. चढ धरला, थोडी ढील दिली, तरी ३.’ मी ऐकेना. चाळीस वर्षं मुलांना उत्तेजनार्थ बक्षिसं देत आलेला मास्तर, तो असा कसा ऐकेल?

तेवढ्यात सहावीतली एक मुलगी माझा टेप गुंडाळत होती, ती म्हणाली, ‘सर, खुंटी पुढे घ्या की. आकडा कशाला वाढवायचा?’

तिने सुचवलं ते जगातल्या चांगल्या मैदानांवर करतातच, एका होलला दोन-तीन आरंभस्थानं देतात. हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही ६० मीटरवर दुसरी खुंटी ठोकली आणि तिच्यावर लाल रंग दिला. नवख्यांनी तिथून फेकायचं, पार ३. कसलेल्यांनी विहिरीपासून, पार ३. दोन्हीकडे तीन म्हणजे खरोखरच तीन. एका आठवड्यात लाल खुंटीवरून पहिली बर्डी पडली आणि ती पोरगी नव्हे, तिचा धाकटा भाऊ धावत माझ्या घरी सांगायला आला.

व्याख्येतलं ‘सर्वसाधारण हवामान’ मात्र अजून आमच्या डोक्याला खुराक देतं. कार्तिकात माळावर पान हलत नाही. आषाढात कोयनेच्या खोऱ्यातून वारा असा येतो की समोर फेकलेली तबकडी नाक वर करते, हवेत उभी राहते आणि मागे सरकून फेकणाऱ्याच्या डोक्यावरून जाते. यातलं सर्वसाधारण कुठलं? चार महिने जो वारा हमखास असतो त्याला अपवाद कसं म्हणायचं? लेखकाने पुस्तिकेत यावर जे लिहिलं आहे ते मला पटलं आहे. प्रत्येक होलपुढे त्याने मोजणीचा महिना नोंदवला आहे, वाऱ्याची दिशा नोंदवली आहे, चढ-उतार वेगळा लिहिला आहे, झाडी किती दाट तेही. परदेशी पुस्तकांत पानाच्या कोपऱ्यात असतो तसा नुसता आकडा त्याने कुठेही ठेवलेला नाही. आकडा कसा आला ते वाचणाऱ्याला तपासता यावं, वाटलं तर भांडता यावं, अशी त्याची इच्छा आहे. भांडावंच. विट्याच्या, इस्लामपूरच्या, पाटणच्या शिक्षकांनी आपापल्या माळावर एखादी चेनींची टोपली उभी करावी आणि कळवावं, की आमच्याकडे ९६ मीटरला तीन लागतात की चार.

पुस्तिकेतल्या तंत्राच्या प्रकरणांवर मी काही लिहीत नाही. पकड, पावलांची लय, मनगट सोडण्याची वेळ हे त्याने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं आहे, आणि ते वाचून नव्हे, तबकडी हातात घेऊनच कळेल. एक विनंती मात्र आहे. मुलांना पहिल्या दिवशी लांब फेकायला लावू नका. टोपलीपासून पाच पावलांवर उभं करा आणि साखळ्यांचा आवाज ऐकू द्या.

शेवटच्या पानावर माळाचा नकाशा आहे. आठ होलपुढे पार लिहिलेला आहे, नवव्यापुढे जागा कोरी आहे. छापताना चूक झाली असं कोणी समजू नये. नववा होल ओढा ओलांडून जातो. ओढ्याला पाणी असताना तो वेगळा आणि कोरडा असताना वेगळा, आणि आम्ही अजून तिथे दोन पावसाळे पाहिलेले नाहीत. एक पाहिला आहे. खुंटी ठोकलेली आहे, टेप माझ्या कपाटात आहे.